आत्याचा फीचा डबा आणि स्टोअरचे नियम

आत्याच्या गाण्याच्या क्लासची फी गेली ३१ वर्षं एकाच पितळी डब्यात पडते. डबा पेटीशेजारी, खिडकीच्या कट्ट्यावर असतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुलं पाकीट आणून त्यात टाकतात आणि आत्या नेमका त्याच वेळी तानपुरा जुळवायला घेते, म्हणजे कुणी किती टाकले, कुणाचे राहिले, हे तिच्या नजरेला पडत नाही. फी किती, हे मात्र दाराशीच फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं. महिना ७०० रुपये. घरातलं दुसरं भावंड असेल तर त्याला ४००. ज्याला जमत नसेल त्याने आत येऊन सांगावं. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या त्या बोळात हा फळा सगळ्यांना पाठ आहे.

२०२५च्या जूनमध्ये मी तिच्यासाठी ॲप करायला घेतलं. आता ते गूगल प्ले आणि ॲपलचं ॲप स्टोअर, दोन्ही स्टोअरवर आहे, लोक वापरतात. पण मधले साडेतीन महिने मी कोड थोडा लिहिला आणि ‘पैसे कसे घ्यायचे’ याचे नियमच जास्त वाचले. मी शाहूपुरीतल्या एका लहान कंपनीत ॲप लिहिण्याचंच काम करते, तरी ही बाजू कधी माझ्याकडे आली नव्हती. ती दुसरंच कुणीतरी बघायचं. कुणी आपल्या घरच्या क्लाससाठी असं काही करत असेल, तर त्याला उपयोग व्हावा म्हणून लिहितेय. आणि एक गोष्ट मनाला लागून राहिलीय, ती सांगायची आहे म्हणूनही.

ॲपची गरज पावसाने दाखवली. आत्याकडे गारगोटी, राधानगरी, कागलकडून मुलं एसटीने येतात. जुलैत पंचगंगा फुगायला लागली की सगळ्यांचं लक्ष राजाराम बंधाऱ्याकडे. ३९ फुटांला इशारा, ४३ फुटांला धोका. पाणी वाढलं की गावाकडचे रस्ते बंद होतात आणि क्लास पंधरा-पंधरा दिवस तुटतो. मग व्हॉट्सॲपवर निरोप: “आजचा पलटा पाठवा ना.” आत्या पाठवायची. पण एकीची पट्टी पेटीवरची काळी चार, दुसऱ्याची काळी एक, म्हणजे तेच अलंकार चार वेळा गाऊन पाठवायचे. महिन्याभरात कुणाचा फोन भरलेला, कुणाचं रेकॉर्डिंग हरवलेलं. शेवटी तिने एका उन्हाळ्यात बसून ४८ रेकॉर्डिंग केली. ओंकार, खर्जाचा रियाज, अलंकार, पलटे, भूप आणि यमन रागांचे आलाप, वेगवेगळ्या पट्ट्यांत, पाठीमागे खरा तानपुरा. तिने त्याला नाव दिलं ‘रियाज संच’. क्लासच्या मुलांना ती तो पेन ड्राइव्हवर २५० रुपयांना द्यायची.

ॲपमध्ये काय काय विकायचं, असं मी विचारलं तेव्हा तिने चार बोटं मोजली. घरचा क्लास, व्हिडिओ कॉलवरची शिकवणी, रियाज संच आणि नोटेशनची वही. वही छापील आहे, प्रवेशिकेच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी तिने स्वतःच्या अक्षरात लिहून छापून घेतलेली, १८० रुपये. तिच्या दृष्टीने चारही गोष्टी एकच: ती गाणं शिकवते. मी यूपीआयचा क्यूआर लावायचं ठरवलं होतं, एका दिवसात काम संपलं असतं. मग नियमावली उघडली.

दोन्ही स्टोअरचं मूळ सूत्र सारखंच आहे. जी वस्तू फोनच्या आतच वापरायची, म्हणजे रेकॉर्डिंग, व्हिडिओ, ॲपमधली जादा सोय, तिचे पैसे स्टोअरच्या स्वतःच्या बिलिंगमधून घ्यायचे, आणि स्टोअर त्यातून आपलं कमिशन कापून घेतं. जी वस्तू कुरिअरने घरी जाते किंवा जी सेवा प्रत्यक्ष भेटून मिळते, तिचे पैसे स्टोअरच्या बिलिंगमधून घ्यायचेच नाहीत, तिथे यूपीआय, कार्ड, काहीही चालतं. म्हणजे घरच्या क्लासची फी सुटली. छापील वहीही सुटली. रियाज संच अडकला.

आत्याने वहीचं पान उलटत विचारलं, “हीच वही कुणी फोनवर मागितली, पीडीएफ म्हणून, तर?”

“तर ती संचासारखी. स्टोअरमधून.”

“अक्षर माझंच, पानं तीच. आणि पैशाची वाट दुसरी?”

“होय.”

ती रागावली नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं की कागद पोचवायला स्टोअर काही करत नाही, पीडीएफ मात्र त्यांच्याच दुकानातून आलेल्या ॲपमध्ये उघडते, असा त्यांचा हिशेब आहे. तिने मान हलवली. पुढे आम्ही पीडीएफचा विचारच सोडला. वही हातात घेऊन, पेटीवर ठेवून वाचायची असते, असं तिचं म्हणणं, आणि ते मला पटतं.

खरी गुंतागुंत व्हिडिओ कॉलची. ॲपलच्या नियमावलीत ३.१.३ या कलमाखाली त्याचं वेगळं पोटकलमच आहे. दोन माणसांमधली थेट, त्याच वेळी चाललेली सेवा असेल, म्हणजे एका विद्यार्थ्याची शिकवणी किंवा डॉक्टरांचा सल्ला, तर पैसे बाहेरून घेता येतात. एक शिक्षक आणि थोडे विद्यार्थी, किंवा एक शिक्षक आणि पुष्कळ विद्यार्थी असले, तर स्टोअरचं बिलिंग. आत्याची शनिवारची सहा जणींची बॅच आहे. पुण्यात, बेंगळुरूत नोकरीला गेलेल्या तिच्या जुन्या विद्यार्थिनी.

“आणि शनिवारी पाच जणी आल्याच नाहीत, एकटीच आली तर?”

मला उमगलं तसं मी सांगितलं: किती जणी आल्या यावर ते ठरत नसावं, विकलं काय यावर ठरत असावं. पण तिचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. कारण गाण्याच्या शिकवणीत ही सीमा नसतेच. सहा जणी समोर असतात आणि आत्या एकीची एकच मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, दहा वेळा घोटून घेते, बाकीच्या पाच जणी ऐकतात आणि त्या ऐकण्यातूनच शिकतात. ती शिकवणी एकीची की सहांची? नियम लिहिणाऱ्याला रेघ कुठेतरी ओढावी लागते, हे मला कळतं. पण ती रेघ अशा ठिकाणी पडलीय जिथे आमच्याकडे कधीच रेघ नव्हती. आम्ही ठरवलं की थेट शिकवणी ॲपमध्ये आणायचीच नाही. ती फोनवर ठरते तशीच ठरू दे.

कोल्हापुरात गाण्याचे पैसे आजवर बऱ्याच वाटांनी आले. अल्लादिया खाँसाहेब इथे राहिले ते शाहू महाराजांच्या आश्रयाने. मग संगीत नाटकांच्या तिकिटांवर गवई जगले, देवल क्लबसारख्या संस्थांनी बैठका केल्या, आणि आता पेठापेठांतले क्लास महिन्याच्या फीवर चालतात. देणारा कोण, हे प्रत्येक वेळी समोर दिसायचं. महाराज असो वा पिटातला प्रेक्षक, गवयाला तो ठाऊक होता. आत्या जेव्हा विचारायची, “पण पैसे नेमके कुणाच्या हातात पडणार?” तेव्हा ती याच सवयीतून विचारायची.

तर रियाज संच. तो मासिक वर्गणीवर ठेवायचा की एकदाच विकायचा? माझ्या कंपनीत सगळे म्हणाले, वर्गणी ठेव, दर महिन्याला येत राहतात. गूगल प्लेवर वर्गणीला पहिल्या दिवसापासून १५ टक्केच कमिशन लागतं, २०२२पासून. पण वर्गणी थांबली की संच बंद होणार. आत्याने हे ऐकून फक्त एवढंच म्हटलं, “भूप शिकवला आणि फी थांबली म्हणून परत मागायचा होय?” विषय संपला. २९९ रुपये, एकदाच, कायमचा.

कमिशनचा हिशेब मी तिला वहीच्या मागच्या पानावर करून दाखवला. २००८मध्ये ॲपलचं स्टोअर सुरू झालं तेव्हापासून ३० टक्के स्टोअरला, ७० टक्के करणाऱ्याला, अशी वाटणी पडून गेली होती. आता लहान धंद्याला सवलत आहे. ॲपलने १ जानेवारी २०२१पासून, गूगलने १ जुलै २०२१पासून, वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवर १५ टक्के. ही सवलत आपोआप मिळते असं समजू नका. दोन्हीकडे त्यासाठी वेगळी नोंद करावी लागते, ती पहिल्याच दिवशी करा. २९९चे १५ टक्के म्हणजे ४४ रुपये ८५ पैसे. आत्याच्या हातात २५४ रुपये १५ पैसे. तिने २५०च्या पेन ड्राइव्हशी तुलना केली आणि म्हणाली, “मग ठीक आहे की.”

भारतात गूगल प्लेवर आणखी एक वाट आहे. स्टोअरच्या बिलिंगशेजारी आपलंही बिलिंग ठेवायचं, ग्राहकाने आपलं निवडलं तर कमिशन ४ टक्क्यांनी कमी. ही वाट सहज नाही मिळाली. २०२०पासून इथले ॲपवाले तक्रार करत होते. २५ ऑक्टोबर २०२२ला भारतीय स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या बिलिंग धोरणाबद्दल गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला. १ मार्च २०२४ला कमिशनच्या वादातून काही भारतीय कंपन्यांची ॲप्स स्टोअरवरून काढली गेली आणि केंद्र सरकारने मध्ये पडल्यावर ती परत आली. मार्च २०२५मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो दंड २१६.६९ कोटींवर आणला, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं.

हे सगळं वाचून मी हुरळले होते. एवढ्या लढ्यानंतर आलेली वाट आहे, आपण तिच्यावरून चालावं. मग आकडे मांडले. ४ टक्के म्हणजे २९९मागे सुमारे १२ रुपये. पेमेंट गेटवेवाल्याने, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीने, मला २ टक्के सांगितले, म्हणजे ६ रुपये तिथे गेले. उरले ६. त्या ६ रुपयांसाठी बाहेर झालेली प्रत्येक खरेदी २४ तासांत गूगलला कळवणारी यंत्रणा लिहायची, कार्डांच्या सुरक्षेचे निकष पाळायचे, परतावे स्वतः बघायचे, तक्रारींचे फोन आत्याच्या घरी यायचे. मोठ्या कंपनीला हे परवडत असेल. पितळी डब्याला नाही. आम्ही स्टोअरचंच बिलिंग ठेवलं.

खातं आत्याच्या नावावर उघडलं, कारण पैसे तिचे. गूगलला एकदाच २५ डॉलर, ॲपलला दर वर्षी ९९ डॉलर, म्हणजे क्लासच्या एका मुलाच्या वर्षभराच्या फीइतके. नोव्हेंबर २०२३नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला गूगल प्लेवर एक अट आहे: ॲप सगळ्यांना खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहायचं. आधी हा आकडा २० होता. बारा अँड्रॉइड फोनवाले विद्यार्थी गोळा करायला मला एक गुरुवार लागला. क्लास सुटला आणि मी चपलांपाशी उभी राहून एकेकाच्या फोनवर ते करून दिलं. सगळ्यात नेटाने टिकले ते राधानगरीचे एक निवृत्त वनरक्षक काका. ते रोज पहाटे ओंकार लावायचे आणि मला कळवायचे की तानपुरा तिसऱ्या मिनिटाला किंचित अडखळतो. खरंच अडखळत होता. फाइल कापताना माझ्याकडून सांधा राहिला होता.

त्याच काकांमुळे माझी दुसरी चूकही सापडली. त्यांनी चाचणीतच खरे २९९ भरून संच घेतला आणि चौथ्या दिवशी त्यांना पैसे परत आल्याचा निरोप आला, संच बंद. ते घाबरून आत्याकडे आले, आपल्याकडून काही दाबलं गेलं का म्हणून. चूक माझी होती. गूगलच्या बिलिंगमध्ये खरेदी झाली की ॲपने तिची पोच द्यावी लागते. तीन दिवसांत पोच गेली नाही तर स्टोअर पैसे आपोआप परत करतं. काकांनी पैसे भरले त्या क्षणी रेंज गेली, ॲप बंद झालं, आणि पुन्हा उघडल्यावर ‘मागची एखादी खरेदी पोच द्यायची राहिलीय का’ हे बघणारा कोड मी लिहिलाच नव्हता. ऑफिसच्या वाय-फायवर हे कधी दिसलं नसतं. तुम्ही बिलिंग लिहीत असाल तर हे आधी तपासा: पैसे भरताक्षणी नेट बंद करा, ॲप मारा, परत उघडा. चाचणीच्या खात्यावरून केलेल्या खरेदीला ही मुदत तीनच मिनिटांची असते, त्यामुळे लगेच कळतं.

आत्याला हा नियम फार आवडला. “पोच नाही दिली तर पैसे परत. बरोबरच आहे. दुकानदाराने असंच वागावं.”

ॲपलच्या बाजूला दोन गोष्टी वेळेत वाचल्यामुळे वाचलो. कायमच्या खरेदीला ‘आधी घेतलेलं परत मिळवा’ अशी सोय ॲपमध्ये असलीच पाहिजे, म्हणजे फोन बदलला तरी संच जात नाही. दुसरी, घरी पैसे देणाऱ्यांसाठी मी एक कोड टाकायची चौकट केली होती, आत्याने कागदावर कोड लिहून द्यायचा आणि संच उघडायचा. तसे स्वतःचे कोड, किल्ल्या, क्यूआर वापरून ॲपमधली वस्तू उघडायला तिथे मनाई आहे. मात्र बाहेर घेतलेली वस्तू आपल्या खात्याने लॉगिन करून वापरायला परवानगी आहे, तीच वस्तू ॲपमध्ये विकतही मिळत असली तर. म्हणून कोडची चौकट काढली आणि फोन नंबरचं लॉगिन ठेवलं. घरी पैसे दिले की आत्या तो नंबर यादीत चढवते.

आणि मग ॲप मंजुरीसाठी पाठवलं.

दोनपैकी एका स्टोअरवरून ते दुसऱ्या दिवशी रिजेक्ट होऊन आलं. कुठल्या, ते इथे महत्त्वाचं नाही, हा नियम दोन्हीकडे आहे. सोबत माझ्याच ॲपच्या एका पानाचं चित्र होतं. रियाज संचाचं पान. त्यावर वर किंमत आणि स्टोअरचं खरेदीचं बटण. त्याखाली आत्याने सांगितलेली एक ओळ: ‘मंगळवार पेठेत क्लासला येणाऱ्यांना हाच संच घरी २५० रुपयांत मिळेल.’ आणि सगळ्यात खाली वहीसाठीचा यूपीआय क्यूआर. कारण दिलं होतं की हे पान ग्राहकाला स्टोअरबाहेर पैसे भरायला वळवतं.

क्यूआरबद्दल माझी चूक मान्य. वहीचा क्यूआर संचाच्या पानावर होता, स्टोअरच्या परीक्षकाला तो कशाचा हे कळायला मार्ग नव्हता. मी वहीचं पान वेगळं केलं, वहीचा फोटो टाकला, पोस्टाचा पत्ता भरायचा रकाना दिला, मगच क्यूआर. ओळ मात्र ठेवली आणि सोबत समजावून लिहिलं: तिथे लिंक नाही, बटण नाही, फोन नंबर नाही. फक्त एक खरी गोष्ट सांगितलीय. पुन्हा रिजेक्ट. या वेळी फक्त त्या ओळीसाठी.

मला त्या रात्री झोप लागली नाही. नियम असा आहे की बाहेर कमी किमतीत विकायला कुणाची हरकत नाही. ईमेलने, पत्रकाने, स्टोअरबाहेर कुठेही सांगायलाही हरकत नाही. फक्त ॲपच्या आत, जिथे माणूस पैसे भरायला उभा आहे, तिथे सांगायचं नाही. १५ टक्के मला खरोखर जड वाटले नव्हते. स्टोअर त्या बदल्यात काम करतं. अनोळखी माणसाचे पैसे सुरक्षित घेतं, परतावा बघतं, फोन बदलला तरी संच शोधून देतं. आत्याला एकटीला हे जमलं नसतं आणि मलाही. मोल घ्या. पण समोरच्या माणसाला खरं सांगू नका, ही अट कमिशनमध्ये कशी बसते? जो माणूस दोन बोळ पलीकडे राहतो, रोज आमच्या दारावरून भाजी घेऊन जातो, त्याला ॲपवर ४९ रुपये जादा देताना आम्ही गप्प बसायचं.

मी एकटी असं म्हणत नाही, हे नंतर वाचलं. स्पर्धा आयोगाच्या २०२२च्या आदेशातच एक मुद्दा होता की ॲपवाल्यांना आपल्या ग्राहकांशी बोलण्यापासून, त्यांना आपले दर सांगण्यापासून अडवू नये. अमेरिकेत एपिक ही गेम करणारी कंपनी आणि ॲपल यांच्या खटल्यात २०२१ला न्यायालयाने बाहेरच्या खरेदीची वाट ॲपमधून दाखवू द्या, असं सांगितलं होतं, आणि ते नीट पाळलं नाही म्हणून ३० एप्रिल २०२५ला न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी ॲपलला फार कडक शब्दांत फटकारलं. तिथल्या ॲपवाल्यांना तेव्हापासून अशी ओळ, अशी लिंक टाकता येते. तो आदेश तिथल्या स्टोअरपुरता. मंगळवार पेठेतल्या आत्याची ओळ इथे निघाली.

सकाळी मी तिला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

“खोटं लिहिलंय का आपण त्यात?”

“नाही.”

“मग काढायला का सांगतात?”

“त्यांच्या दुकानात उभं राहून दुसऱ्या दुकानाचा भाव सांगायचा नाही म्हणून.”

“दुसरं दुकान कुठलं? ते पण माझंच की.”

तिने ओळ काढायला सांगितली. मुलं वाट बघत होती, सप्टेंबर संपत आला होता, आणि तिला दसऱ्याला संच सुरू करायचा होता. मी ती ओळ पुसली, पाठवलं, आणि दोन दिवसांत मंजुरी आली. २ ऑक्टोबरला दसऱ्याच्या सकाळी आत्याने तानपुऱ्याची, पेटीची, वहीची पूजा केली आणि शेजारी माझा फोनही ठेवला.

एक गोष्ट सांगायची राहिली. ॲप लावताना गूगल प्लेच्या फॉर्ममध्ये मला धास्ती वाटली होती. वैयक्तिक खातं पैसे घेत असेल तर त्या माणसाचा पूर्ण पत्ता स्टोअरवर सगळ्यांना दिसतो. फुकट ॲप असतं तर तो दिसला नसता. पैसे घेणारा कोण आणि राहतो कुठे, हे विकत घेणाऱ्याला कळावं म्हणून. एकट्या बाईच्या घराचा पत्ता असा जगभर लावायचा? मी कंपनी नोंदवण्याचा पर्याय सांगितला, तिथे खर्च किती, कागदं किती तेही सांगितलं. आत्या म्हणाली, “दारावर पाटी एकतीस वर्षं आहे. पत्ता कुणापासून लपवू?” तिला पटवण्यात मी दोन दिवस घालवले. ती बधली नाही. तुमच्या घरी कुणी बाई एकटी राहत असेल तर याचा विचार आधी नक्की करा, मी अजूनही तेच म्हणेन.

पहिल्या महिन्यात प्लेवर २३ संच गेले. २३ गुणिले २५४ रुपये १५ पैसे, म्हणजे ५,८४५ रुपये ४५ पैसे. बँकेत रक्कम आली तेव्हा आत्याने पासबुक भरून आणलं आणि वहीच्या मागच्या पानावरच्या माझ्या हिशेबाशी जुळवून बघितलं. विकत घेणाऱ्यांपैकी सतरा जण तिला माहीत नव्हते. स्टोअर नावं देत नाही. “कुणाला शिकवतेय ते तरी कळायला हवं होतं,” असं ती दोनदा म्हणाली.

दिवाळी झाली आणि नोव्हेंबरमधल्या एका रविवारी निपाणीहून एक गृहस्थ आले, सोबत आठवी-नववीतली मुलगी. बोळात दोन ठिकाणी विचारत आले होते. हातातल्या फोनवर ॲपचं पान उघडलेलं, खाली स्टोअरने छापलेला पत्ता. मी तेव्हा तिथेच होते, बाहेरच्या खोलीत.

“हा संच तुमचाच ना? यात २९९ लिहिलंय. म्हटलं, निपाणी काय लांब नाही, एकदा भेटून विचारावं पोरीला कुठल्या पट्टीचा घ्यायचा ते.”

आत्याने मुलीला पेटीपाशी बसवलं, सा लावायला सांगितला, दोन पट्ट्या वर-खाली करून बघितल्या. काळी चार. मग तिने त्या गृहस्थांना दाराकडे बोट करून दाखवलं. फळ्यावर महिन्याच्या फीखाली, दसऱ्यापासून, आणखी एक ओळ आहे: रियाज संच, घरी घेतल्यास २५० रुपये.

त्यांनी ती वाचली, पाकीट काढलं. मी त्यांचा नंबर यादीत चढवायला घेतला. आत्या तानपुऱ्याकडे वळली आणि खुंटी पिळत बसली.